भरलेले हँगर

आमच्या कोपरच्या बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर कुंडलिक राहतो. मानपाड्याला एका गिलिटाच्या, म्हणजे धातूवर मुलामा चढवायच्या कारखान्यात त्याने एकतीस वर्षं काढली. नळ, कड्या, हँडलं चकचकीत करणारा माणूस, नखं मात्र कायम काळी-हिरवी. माझ्यासारखाच गावच्या शाळेत सातवी झालेला, म्हणून आमचं जमतं.

त्याची नात सान्वी बारावीला. एका संध्याकाळी मी तिथेच बसलेलो, पोरगी रडकुंडीला आलेली. "आबा, हे एनएडी, एनएडीएच काही डोक्यात शिरत नाही."

"करतं काय ते, सांग तरी."

"पेशीत अन्न फुटलं की इलेक्ट्रॉन सुटतात. एनएडी ते उचलतो, मग तो एनएडीएच. पुढच्या रांगेला देतो आणि रिकामा परत येतो. रांगेत ते हातोहात सरकतात, त्यातून शक्ती तयार होते. शेवटी ते ऑक्सिजन घेतो, त्याचं पाणी होतं."

"अगं, ही तर आमची लाइन! हँगरला माल टांगायचा, या टाकीतून त्या टाकीत, या हातातून त्या हातात. शेवटी टोकाला उभा आमचा गडी पोपट माल उतरवतो, रिकामे हँगर मागे येतात. पोपट विडी ओढायला गेला की सगळ्यांचे हँगर भरलेले, लाइन ठप्प!"

आम्ही पोट धरून हसलो. मग सान्वी म्हणाली, "आणि सायनाइड ना आबा, ते रांगेतल्या त्या शेवटच्याचेच हात धरतं. ऑक्सिजन दारात उभा, पण त्याच्यापर्यंत काही पोचतच नाही."

कुंडलिकने आपल्या काळ्या-हिरव्या नखांकडे पाहिलं. त्यांच्या कारखान्यातल्या टाकीत तेच होतं. कारखान्यात त्याचं नाव घेत नाहीत, 'पांढरं मीठ' म्हणतात.

पुढे खंडेनवमी आली. त्या दिवशी लाइन बंद, टाक्या-फरशी धुवायची, हत्यारांना झेंडू घालायचा. पोपटला हौस फार. "मास्तर, आज फरशीत तोंड बघून भांग पाडाल," कुंडलिकला म्हणाला. आणि ॲसिडच्या बादलीत उरलेलं त्याने जवळच्या गटारीत ओतलं. पांढऱ्या मिठाच्या टाकीचं धुवण सकाळपासून त्याच गटारीत तुंबलेलं. एकतीस वर्षं कुंडलिक सांगत आलेला, ही दोन पाणी भेटता कामा नयेत, विषारी वायू सुटतो. पूजेच्या घाईत त्या दिवशी सांगायचं राहिलं.

पोपट जागच्या जागी कोसळला. कुंडलिकने श्वास रोखून त्याला ओढत बाहेर आणलं. दवाखान्याच्या वाटेवर रिक्षात कारखान्याचा शेठ कानाशी लागला, "चक्कर आली म्हणून सांग. मिठाचं नाव घेतलंस तर कारखान्याला टाळं. पंधरा घरं बसतील." कुंडलिकने डॉक्टरला चक्कर सांगितली. त्याला वाटलं, ऑक्सिजन लावतायत, येईल शुद्धीवर.

पाऊण तास गेला. डॉक्टर बोटाला लावलेलं यंत्र पुन्हा पुन्हा बघत होता. "ऑक्सिजन नव्याण्णव आहे हो. तोंडही लालसर. मग हा उठत का नाही?"

तेव्हा कुंडलिकला सान्वीची रांग आठवली. हवा दारात उभी होती आणि आत सगळे हँगर भरलेले. तो ओरडलाच, "सायनाइड आहे, साहेब! मी खोटं बोललो."

डॉक्टर धावला. पण उतारा तिथे नव्हता, ठाण्याहून मागवावा लागला. तो आला तोवर पोपट गेला होता.

कारखान्याला टाळं लागलं. जबाब कुंडलिकनेच दिला. तेराव्याला तो पोपटच्या घरी गेला, मला सोबत नेलं. पोपटच्या बायकोसमोर, मालनसमोर, तो फरशीवर बसला. "वहिनी, विषाचं नाव मला पहिल्या मिनिटापासून माहीत होतं. मी पाऊण तास सांगितलं नाही."

 मालनने विचारलं, "भावजी, त्यांचा श्वास चालू होता ना तेव्हा?"

"चालू होता."

"मग हवेचा काही दोष नाही. पोचलं नाही ते नाव," ती म्हणाली आणि उठून आत गेली. आम्ही बसून राहिलो. दोन तासांनी तिच्या मुलाने येऊन सांगितलं, "आई म्हणते, आता जा तुम्ही."