फलकावरची बाई

मी नागभीडला राहते आणि गेलेल्या माणसांची चित्रं काढते. दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू झाला की पडदे रंगवायचं काम असतं, राजवाडा, नदीकाठ, जंगल. बाकीचं वर्ष लोक फोटो घेऊन येतात. कुणाचा आधारकार्डावरचा, कुणाचा लग्नाच्या पंगतीत अर्धा सापडलेला. हे काम आता कॉम्प्युटरच्या दुकानातही होतं. पण तिथून आजोबा गोरे होऊन येतात, अंगात कोट, मागे बर्फाचे डोंगर. काही घरांना ते चालत नाही. ती घरं माझ्याकडे येतात.

पूर्वी निवडणुकीत भिंतीही रंगवल्या. सगळ्या पक्षांच्या. नेत्याचा चेहरा काढणं मला कधी अवघड गेलं नाही, कारण तो आधीच कुणीतरी रंगवून ठेवलेला असतो. आपण फक्त गिरवायचं. फ्लेक्स आले आणि ते काम गेलं. त्याचं फार वाईट वाटलं नाही. वाईट याचं वाटतं की भिंतीवर चेहरा काढणारा माणूस निदान दिवसभर त्या चेहऱ्यासमोर उभा असायचा. चूक झाली तर येणारा जाणारा सांगायचा. फ्लेक्सला कुणी काही सांगत नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी, मोहफुलांच्या दिवसांत, इथून तासाभराच्या अंतरावरच्या एका गावात दोन बाया सकाळी फुलं वेचायला जंगलात गेल्या आणि एकच परत आली. दुसरीला वाघानं नेलं. दुपारपर्यंत बातमी सगळ्यांच्या फोनवर होती. एका चॅनेलनं वाघ दाखवला, त्याच्या पायाखाली बर्फ होता. शेजारी बाईचा फोटो होता. रुंद कपाळ, डोक्यावर पदर, थोडं आश्चर्य वाटल्यासारखे डोळे. मीही तो फोटो पाहिला, हळहळले आणि कामाला लागले. आपण सगळे असंच करतो.

काही दिवसांनी त्या गावातला एक शेतकरी माझ्या दारात उभा राहिला. वाघानं नेली ती त्याची बायको. पाणी दिलं तर नुसता पेला धरून बसला. मग खिशातून बचतगटाचा फोटो काढला. बाया रांगेत उभ्या होत्या. त्यानं एका बाईवर बोट ठेवलं. ती नेमकी त्या क्षणी बाजूला वळलेली, पदर उडालेला, चेहऱ्याच्या जागी धूसर डाग. तिचा दुसरा फोटो नव्हता. तिच्या शेजारी रुंद कपाळाची बाई उभी होती, बातमीतली. मला आधी कळेना.

तो म्हणाला, "टीव्हीवाल्यायनं बाजूच्या बाईचं तोंड कापून लावलं, बाई. ते जिवंत आहे. सगळे दुसरीलेच रडून राह्यले."

त्याला आपल्या बायकोचं चित्र हवं होतं. मी विचारलं, नाक कसं होतं, भुवया कशा? त्याला सांगता येईना. इतकी वर्षं रोज पाहिलेला चेहरा, आणि त्याच्याकडे एक शब्द नव्हता. शेवटी म्हणाला की मोहाखाली तिच्यासोबत जी होती तिला विचारा, तिनंच शेवटचं पाहिलं. आणि ती म्हणजे फोटोतली, रुंद कपाळाचीच.

मी एसटीनं गेले. थांब्यावर उतरले तर समोर दोन फलक, दोन पक्षांचे. रंग वेगळे, नेते वेगळे, मधला चेहरा एकच, बातमीतला. भावपूर्ण श्रद्धांजली. टळटळीत दुपार होती, रस्त्यावर कुणी नव्हतं. मग वळणावरून डोक्यावर काड्यांची मोळी घेतलेली एक बाई आली आणि फलकाखाली थांबली. वर आणि खाली एकच चेहरा. खरं सगळं मला माहीत होतं, तरी मी पुन्हा एकदा वर पाहिलं.

ती माझ्याकडे बघून, कंडक्टरला उतरायचं गाव सांगावं तशी म्हणाली, "मी नाई मेली, बाई." मी काही विचारलंच नव्हतं. तिला सवय झाली होती.

तिच्या घराच्या सपरीत, पुढच्या पडवीत बसून तिनं मला सगळं सांगितलं. बातमी पाहून तिची मावशी दुसऱ्या तालुक्यातून रडत आली. दारात ही उभी दिसली, तरी मावशीचं रडणं थांबेना. हिनं तिचा हात धरला, आपल्या गालावर ठेवला, तरी ती रडतच राहिली आणि रडतच परत गेली. हातपंपावर ही गेली की बाया पाण्याच्या आपापल्या गुंड्या उचलून बाजूला होऊ लागल्या. कुणी वाईट बोलत नव्हतं. फक्त तिच्याकडे नीट बघत नव्हतं. तिची लहान मुलगी मात्र रात्रंदिवस तिच्या पदराला धरून असायची.

एक नेताही सांत्वनाला आला होता. कार्यकर्त्यांनी फलकावरच्या बाईचं घर विचारलं, लोकांनी दाखवलं. हिनंच त्याला पाणी दिलं. त्यानं हिच्यासमोर हात जोडले, तुमच्या दुःखात सहभागी आहे म्हणाला, आणि गेला. हिच्या डोळ्यांत बघून म्हणाला. त्याच्या पाठीमागे, रस्त्यापलीकडे, त्याचाच फलक दिसत होता. नंतर हिनं कार्यकर्त्याला फलक काढायला सांगितलं, तर तो म्हणाला, साहेबांचा फोटो आहे त्यावर, असा कसा काढता येईल?

राजकारणाबद्दल माझी मतं लोकांना कडू वाटतात. नेते वाईट असतात असं मला वाटत नाही. त्यांच्या समोर माणूस उभं राहिलं तरी त्यांना ते दिसत नाही, एवढंच मला वाटतं. त्या दुपारनंतर ते मला जास्तच खरं वाटू लागलं.

मी कागद लावला. ती सांगत गेली, मी काढत, खोडत गेले. कपाळ लहान. भुवया जवळ. पुढच्या दातांत फट. कानाखाली चुलीच्या चटक्याचा डाग. ती माझ्या हाताकडे बघायची आणि म्हणायची, थोडं इकडं, नाही, थोडं कमी. ऊन अंगणात सरकत गेलं. हळूहळू कागदावर कुणीतरी येऊन बसलं. डोळे तेवढे राहिले. मी विचारलं, तुझी मैत्रीण बघायची कशी?

ती मुलीला म्हणाली, जा, काकीकडं जाऊन बस. मुलगी हलली नाही. मग हळू आवाजात सांगू लागली.

दोघी समोरासमोर बसून फुलं वेचत होत्या, मध्ये टोपल्या. सूर्य नुकताच वर आला होता. मैत्रिणीनं मान वर केली. हिच्याकडे नाही, हिच्या मागे पाहिलं. घाबरून नाही. ओळखीचं माणूस पायवाटेनं येताना दिसावं तशी. जागा करून द्यावी तशी थोडी सरकलीसुद्धा. काहीतरी बोलणार होती.

"आन् वाघ तिच्या मांगून आला, बाई," ती म्हणाली. "तिच्या मांगून. मंग माह्या मांगं कोण होतं?"

मी विचारलं, तू वळून पाहिलंस का? ती म्हणाली, मी त्याच बाजूनं पळाली, तिथी कोणीच नव्हतं. तिच्या मागे आता मातीची भिंत होती, त्यावर सुपं टांगलेली. मी त्या भिंतीकडे बघितलं नाही, कागदाकडेच बघत राहिले आणि ते डोळे काढले. तिनं वाकून पाहिलं. मग मान डोलावली.

तो शेतकरी चित्र न्यायला आला तेव्हा मी ते खिडकीपाशी उभं केलं होतं. त्यानं पाहिलं. "हेच," म्हणाला, आणि वळून आपल्या मागे बघितलं. मागे माझं बंद कपाट होतं. पुढे मी त्याच्या घरी गेले तेव्हा चित्र दारासमोर न लावता आतल्या भिंतीवर लावलेलं दिसलं. मी विचारलं नाही. त्यानंच सांगितलं की दारासमोर होतं, पण येणारा प्रत्येक जण उंबऱ्यात थांबून मागे पाहायचा.

ही गोष्ट कशी पसरली कोण जाणे. त्याच चॅनेलमधून एका पत्रकाराचा फोन आला. चित्रातली बाई बघणाऱ्याच्या मागे बघते म्हणतात, ते दाखवायचं होतं त्याला. मी म्हटलं, आधी तुम्ही चुकीचा फोटो दाखवलात ते सांगा, मग या. तो नम्र होता. म्हणाला की ती बातमी आता जुनी झाली. मी फोन ठेवला. चूक जुनी होते, दुरुस्ती कधी नवी होत नाही. वर्तमानपत्र वाचताना मला हे रोज जाणवतं. म्हणून आता मी फोटो आधी बघत नाही, मजकूर वाचते, आणि मजकुरावरही फारसा विश्वास ठेवत नाही.

पावसाच्या आधी त्या बाईनं फलकांचा निकाल लावला. भरदिवसा विळा घेऊन गेली आणि दोन्हींतून आपला चेहरा कापून घेतला. कुणी अडवलं नाही. नेते जिथल्या तिथे हसत राहिले. कापलेले तुकडे तिनं घराच्या गळक्या कौलांखाली घातले. तोंड आत ठेवलं की बाहेर, मी विचारलं. ती म्हणाली, "बाहीर. घरात मी आहोच ना." त्या दिवशी ती पहिल्यांदा हसली.

हातपंपावर बाया आता तिच्याशी बोलतात. मावशी मात्र आली नाही.

या वर्षी मोह फुलला तेव्हा ती परत जंगलात गेली. जावंच लागतं. आता चौघीपाचजणी मिळून जातात. मी एकदा सोबत गेले होते. फुलं वेचताना त्या समोरासमोर बसत नाहीत, पाठीला पाठ लावून बसतात. ते आपसूक झालंय, कुणी ठरवलेलं नाही. टोपलीत फुलं पडल्याचा आवाज येत राहतो. मान वर करायची झाली तर आधी सांगतात.