चार स्क्रीनचं कार्ड

त्याला सगळे ‘बॅकअप’ म्हणायचे, आणि त्यात कौतुक कमी नि चेष्टाच जास्त होती. खिशात दोन पेनं, बॅगेत दोन स्क्रूड्रायव्हर, घरी दोन टॉर्च. दाराला कुलूप लावून जिना उतरला की हा गडी परत वर जायचा, कुलूप ओढून बघायचा, आणि तरीही बसस्टॉपवर पोचेपर्यंत याला शंका यायचीच. लहानपणापासून भित्रा. आता गंमत बघा, अशा माणसाला नोकरी मिळाली ती कुठे, तर रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षात, तिथले कॉम्प्युटर सांभाळायची. एक वायर सैल झाली तर कुणाच्या तरी जिवावर बेतेल अशी जागा!

नोकरी ताईनंच सुचवली होती. बावीस वर्षं ती त्या कक्षात गाड्या सोडायचं काम करत होती. सगळ्या कक्षाची ती ताई. याची मात्र सख्खी. आई गेल्यावर याचं सगळं हिनंच केलं, वेण्या घालायच्या तेवढ्या बाकी ठेवल्या होत्या, असं ती हसत सांगायची.

काम असं चालायचं. पुढच्या रांगेतले चौघं फोन घ्यायचे आणि माहिती टाइप करायचे, की ताईच्या स्क्रीनवर एक लाल ओळ उमटायची. आवाज काही व्हायचा नाही, दिवसभर घंटा कोण ऐकणार? ताईच्या कानात ड्रायव्हर बोलत असायचे, डोळे ओळींवर. कुठली गाडी जवळ आहे ते नकाशात बघून ती गाडी सोडायची, की ओळ पिवळी. रुग्णालयात पोचली की हिरवी, आणि मग पुसलीच जायची. पुढे त्या माणसाचं काय झालं हे कुणी विचारायचं नाही, ही ताईनं घालून दिलेली शिस्त. ‘‘विचारत बसलात तर पुढच्याकडे कोण बघणार?’’ असं ती नव्या माणसांना पहिल्याच दिवशी ऐकवायची.

तिच्यासमोर सहा स्क्रीन होते, वर तीन, खाली तीन. ते ज्या ग्राफिक्स कार्डांवर चालायचे ती दोन कार्डं बाबा आदमच्या काळातली. त्या महिन्यात एकाचा पंखा खडखडायला लागला आणि उजवीकडचे स्क्रीन मधूनच मिटायचे, उघडायचे. ते बघून बॅकअपच्या तोंडचं पाणी पळालं. साहेबांनी सांगितलं, ‘‘तूच बघ, तूच निवड. लेखी दे, मी सही करतो.’’ म्हणजे उद्या काही झालं तर मान कुणाची? याचीच!

तो दुकानात गेला. दुकानदारानं एक भलंमोठं कार्ड काढलं, तीन पंखे आणि वर रंगीत दिवे.

‘‘याच्यावर खेळ असले पळतात ना, बघत राहाल!’’

‘‘आमच्याकडे कोणी खेळत नाही हो,’’ हा कसंनुसं म्हणाला. ‘‘किती स्क्रीन चालतील?’’

‘‘मागे वायरींची भोकं मोजा की. पाच.’’

‘‘पाचही एकदम?’’

दुकानदारानं चष्मा लावून खोक्याची मागची बाजू वाचली. ‘‘एकदम चारच. पण बरं झालं तुम्ही विचारलंत, लोक भोकं मोजतात आणि घेऊन जातात.’’ मग त्यानं दुसरं दाखवलं, पातळ, पंखा नसलेलं, मागे सहा बारकी भोकं. हे सहाही एकदम चालवायचं, आवाज नाही, तापणं नाही. बघताक्षणी बॅकअपला पटलं. हेच घ्यायचं. तरी सवयीप्रमाणे त्यानं ठरवलं, आधी एक अख्खी पाळी ताईच्या मागे बसून बघायचं, कुठल्या स्क्रीनवर ती काय बघते.

आणि ते बघताना त्याला एक गोष्ट खटकली.

उजवीकडे खाली लाल ओळ उमटली. ताई समोर बघत होती. ओळ तशीच. मग ताईनं अंगठ्यानं टेबलावर टकटक केलं आणि मान पूर्ण उजवीकडे वळवली, ‘हां’ म्हणाली, गाडी सोडली. पाचेक मिनिटांनी परत तेच. त्यानं मोजायला सुरुवात केली. दर अर्ध्या मिनिटाला अंगठा, मग मान. ओळ असो नसो, मान वळायचीच. न वळवता तिला उजवीकडचं काही कळतच नव्हतं. खात्री करायला त्यानं चहाचा पेला उजवीकडून, न बोलता, तिच्या हाताशी नेऊन धरला. ताईनं वहीसाठी हात लांबवला आणि पेला उलटा झाला.

‘‘मेल्या, सांगायचं तरी!’’ ती ओरडली. आणि मग जरा जास्तच हसली.

घरी जाताना बॅकअप एकच हिशेब मांडत राहिला. सांगावं तर ताईची खुर्ची जाणार. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. ती खुर्ची हेच तिचं घरदार. न सांगावं तर? तर एखाद्या दिवशी ती मान वळायला उशीर होणार, आणि दूर कुठेतरी कुणीतरी जिन्यात पडून गाडीची वाट बघत असणार. दोन्हीकडून त्याची पाचावर धारण बसली. ताईलाच विचारावं, असं चारदा मनात आलं आणि चारही वेळा तो दुसरंच काहीतरी बोलला.

शेवटी त्यानं भित्र्या माणसाला सुचतो तसा मार्ग काढला. तीन पंख्यांचं कार्ड घेतलं, त्यातले दिवे बंद केले, आणि कागदावर लिहिलं, ‘सहा लहान स्क्रीनपेक्षा चार मोठे स्क्रीन कामाला सोयीचे.’ साहेबांनी न वाचता सही ठोकली. त्यानं लाल ओळींची यादी डावीकडे पहिल्या स्क्रीनवर घेतली, नकाशा आणि गाड्या मधल्या दोन स्क्रीनवर. उजवीकडच्या चौथ्या स्क्रीनवर घड्याळ, हवामान, कॉम्प्युटरची मुख्य पट्टी, असलं फुटकळ. पांढऱ्यानं ताईचे डोळे दुखतात म्हणून सगळ्या स्क्रीनचा मागचा रंगही त्यानं गडद निळा ठेवला, रिकाम्या यादीचा असतो अगदी तसाच.

‘‘उजवीकडे आता कामाचं काही नाही ताई. तिकडे बघायचीसुद्धा गरज नाही.’’

ताईनं त्याच्याकडे क्षणभर निरखून पाहिलं. ‘‘बरं झालं बाबा,’’ एवढंच म्हणाली.

दोन दिवसांत तिचा अंगठा थांबला. मान वळायची थांबली. ओळी भराभर पिवळ्या व्हायला लागल्या, साहेब खूश, बॅकअपच्या जिवात जीव आला. तरी तो रोज काही ना काही निमित्त काढून कक्षात घुटमळायचा. इकडची वायर दाब, तिकडचा प्लग बघ. भीती गेली नव्हती, नुसती दबा धरून बसली होती.

बाराव्या दिवशी दुपारचे चार वाजत आले होते. पाळी बदलायच्या आधी ताई स्क्रीन पुसायची, गेली बावीस वर्षं. एकेक स्क्रीन बटणानं बंद करायची, कारण काळ्या काचेवरच बोटांचे डाग दिसतात. फडकं फिरवायची आणि परत चालू करायची. नवीन कार्ड बसवल्यापासून बॅकअप स्वतःच सकाळी येऊन चालू स्क्रीनच्याच काचा पुसून ठेवायचा, म्हणून तिला गरज पडली नव्हती. त्या दिवशी मात्र सकाळी त्याची बस चुकली होती आणि पुसायचं राहून गेलं होतं.

जुन्या कार्डाला स्क्रीन बंद झाला काय नि चालू झाला काय, पत्ताच नसायचा. नवं कार्ड हुशार. स्क्रीन बंद झाला की ते समजायचं, स्क्रीन काढून नेला. आणि त्याच्यावरचं सगळं उचलून मुख्य स्क्रीनवर नेऊन ठेवायचं, स्क्रीन परत चालू झाला तरी ते तिथेच राहायचं. मुख्य पट्टी चौथ्यावर, म्हणजे मुख्य स्क्रीन तोच, उजवीकडचा. हे बॅकअपनं पुस्तिकेत वाचलं होतं. पण स्क्रीन कोण कशाला बंद करेल, असं त्याला वाटलं होतं. रोज डोळ्यांदेखत बघितलेली गोष्ट, नेमकी तीच ध्यानात आली नाही!

ताईनं पहिला स्क्रीन बंद केला, पुसला, चालू केला. निळा. यादी रिकामी, असं समजून ती ड्रायव्हरशी बोलायला लागली.

बॅकअप दारातून आत आला तेव्हा चौथ्या स्क्रीनवर लाल ओळ होती. ‘छातीत कळ, पुरुष, घरी एकटी बायको.’ शेजारी वेळ. चार मिनिटं झाली होती.

समोर अख्खा कक्ष, बाजूला साहेब, ताई पाठमोरी. हळूच जाऊन कानात सांगावं? तेवढी पावलं टाकायलाही वेळ जाणार होता. आयुष्यात पहिल्यांदा तो भर लोकांत ओरडला.

‘‘ताई, उजवीकडे! तुला दिसत नाहीये, मान वळव!’’

सगळ्या माना वळल्या. ताईची सगळ्यात आधी. तिनं ओळ वाचली आणि एका दमात गाडी सोडली, आवाज जराही हलू न देता, वळण कुठलं घ्यायचं तेही ड्रायव्हरला सांगितलं. ओळ पिवळी झाली. मग तिनं कानावरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि शेजारच्या पोरीला म्हणाली, ‘‘बस इथे. सांभाळ.’’

बाहेरच्या व्हरांड्यात दोघं उभे राहिले.

‘‘कधीपासून माहीत आहे तुला?’’ ताईनं विचारलं.

‘‘बारा-पंधरा दिवस. कार्ड बघायला मागे बसलो होतो तेव्हापासून.’’

‘‘मला दोन वर्षांपासून. उजव्या डोळ्याची कड गेलीय. घाबरून डॉक्टरकडेच गेले नाही. मोजून मान वळवायचे. ती सवयही तू मोडलीस. मीही मोडू दिली.’’

‘‘मला वाटलं, तुला सांभाळावं.’’

‘‘मला सांभाळलंस रे. त्या माणसाला कोण सांभाळणार होतं?’’

तो तिथेच पायरीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. ताई रडली नाही. ती आतल्या दाराच्या काचेतून स्क्रीनकडे बघत राहिली, मान थोडी उजवीकडे वळवून. बऱ्याच वेळानं ओळ हिरवी झाली, आणि पुसली गेली.

‘‘फोन लाव,’’ ती म्हणाली.

‘‘कुणाला?’’

‘‘रुग्णालयाला. विचार, काय झालं त्या माणसाचं.’’

बावीस वर्षांत तिनं हे कधी विचारलं नव्हतं. बॅकअपनं नंबर लावला. बोटं दोनदा चुकली. पलीकडच्या बाईनं ‘थांबा हं’ म्हणून फोन बाजूला ठेवला, आणि मग किती वेळ नुसता पाठीमागचा गलबला ऐकू येत राहिला. ताईनं त्याचं मनगट धरलं होतं. तिची नखं रुतत होती.

‘‘आहेत,’’ पलीकडची म्हणाली. ‘‘आत नेलंय. शुद्धीवर आहेत. आपण त्यांचे कोण?’’

‘‘कोणी नाही,’’ तो म्हणाला आणि फोन ठेवला.

ताईनं मनगट सोडलं. पदरानं तोंड पुसलं.

‘‘उद्या ते सहा स्क्रीनचं कार्ड घेऊन ये,’’ ती म्हणाली. ‘‘आता तिथे जी बसेल, तिला सहाही दिसतील.’’

मग ती साहेबांच्या खोलीकडे निघाली. दार उजव्या हाताला होतं. बॅकअप झटकन उठून पुढे झाला, पण तिनं हातानंच त्याला थांबवलं आणि मान वळवून, नीट बघून, आत गेली.