अक्कानं घेतलेलं नाव

‘पानी पी आदी. मग नवऱ्याचं नाव घे.’

निजामाच्या काळात औरादच्या अदालतीबाहेर बसलेल्या प्रत्येक बाईला अक्का हेच सांगायची. मी तिथं मुन्शी होतो आणि अक्का रांजण भरायची.

तुम्हीही पाहिलं असेल, आपल्याकडच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणे. पण लेकरांच्या खावटीचा अर्ज केला की मुन्सिफसाहेबांना ते नाव बाईच्याच तोंडून हवं असे. बाई पदर चावत गप्प राही आणि अर्ज बुडे. म्हणून अक्का त्यांना लिंबाखाली उभं करून तालीम द्यायची.

‘कामून लाजायलीस? झाडाला सांग. झाड कुनाला सांगतंय?’

आम्ही आत तोंड दाबून हसायचो.

एक दिवस पुकारा अक्काचाच झाला; तिनंही लेकीच्या खावटीचा दावा लावला होता. तिला टाकून गेलेला नवरा दुबलगुंडीहून आला होता. ‘ही माजी बायको न्हाई, पोरगीबी माजी न्हाई,’ असं शपथेवर सांगून मोकळा झाला. लग्न लावणाऱ्या भटजीची साक्ष झाली होती, तिची जबानी तेवढी राहिली होती. लेक लग्नाला आलेली. दावा गेला तर लोक तिला जन्मभर बिनबापाची म्हणणार होते.

‘शौहर का नाम?’ साहेबांनी विचारलं.

अक्का पदर चावू लागली. इतक्या बायकांना शिकवणारी अक्का! साहेबांनी पुन्हा विचारलं. बाहेरच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. नवरा मात्र निवांत होता. त्याची सारी भिस्त तिच्या गप्प बसण्यावर होती. मला त्याचा मनापासून संताप आला.

साहेब कागद बाजूला सारणार, तोच अक्कानं लेकीकडं पाहिलं, डोळे मिटले आणि नाव घेतलं. त्याचं, त्याच्या बापाचं, आडनावासकट. त्याची मान खाली गेली. निकाल अक्काच्या बाजूनं लागला.

त्या दिवसापासून तिनं तालीम बंद केली. लेकीचं लग्न मंठाळला ठरलं, तेव्हा तीही तिकडंच निघाली. गाडीत बसता बसता मला म्हणाली, ‘मुन्शीअप्पा, तेनला काय व्हनार न्हाई न्हवं?’

‘काही होत नाही, अक्का.’

‘दुबलगुंडीचं कोनी आलं तर इचारा. मी इचारलंय म्हनून सांगू नका.’

अक्का पुन्हा दिसली नाही. पण दुबलगुंडीचं कुणी अदालतीत आलं, की कामाचं सोडून मी आधी त्या हलकटाची खुशाली विचारायचो. बरा आहे म्हणाले, की माझ्या जिवात जीव यायचा.