स्टेल्ला टीचरचा नाताळ

स्टेल्ला टीचर आमच्याकडे आली की कधी बसायची नाही. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत आमच्या समोरच तिचं घर. कॉफीचा टंबलर हातात घेऊन ती ओसरीवर येरझारा घालत बोलायची. गणित शिकवून निवृत्त झालेली. "अक्का, अर्धवट उत्तर मला झोपू देत नाही," असं म्हणायची. आम्ही तमिळमध्येच बोलत असू.

एका डिसेंबरात चेन्नईहून तिच्या मुलाचे, जोसेफचे, व्हिडिओ येऊ लागले. तो एका नव्या, कडक प्रार्थनामंडळात जात होता. नाताळची तारीख बायबलात नाही, त्या दिवसांत रोममध्ये सूर्याचा उत्सव असे. हिरव्या फांद्या, दिवे, ईस्टरची अंडी, सगळं येशूच्या आधीच्या लोकांचं, असं त्यांत होतं. ती थेट चर्चमध्ये फादरना विचारायला गेली. ते म्हणाले, "काही खरं, काही ओढूनताणून. तारीख मात्र कुणालाच ठाऊक नाही."

"मग इतकी वर्षं मी काय साजरं करत होते?" ती माझ्यावरच उखडली. "तुम्ही मराठी माणसं पोंगल करता. तो तुमचा कुठं? तुम्हाला टोचत नाही?"

"सासूबाईंनी शिकवला, मी करते," मी म्हटलं. तिला ते पटलं नाही. तिनं नाताळचं झाड अडगळीत टाकलं, केक करायचा नाही म्हणाली, तेही उसनंच म्हणून दारात मार्गळी महिन्याचं कोलम, म्हणजे रांगोळी, घालणंही थांबवलं. जेवताना मध्येच उठायची.

तिचे यजमान अँथनी, ज्यांना सगळे 'सार' म्हणजे सर म्हणत, दरवर्षी दारावर लावायला बांबूच्या कामट्यांचा, आत दिवा असलेला नाताळचा तारा करत. "यंदा तारा नाही," तिनं बजावलं होतं. एका संध्याकाळी ते तारा घेऊन आमच्याकडे आले. "अम्मा, करून झालाय. तुमच्या दारावर लावू?"

मी हो म्हटलं. दिवा लागायचा अवकाश, स्टेल्ला तरातरा आली. "उद्या जोसेफ येतोय. त्याला काय सांगू? जी तारीख येशूची नाहीच..."

"माझी जन्मतारीख कोणती?" सारांनी विचारलं.

"एक जून. का?"

"अप्पांना आठवत नव्हती, म्हणून शाळेत घालताना हेडमास्तरांनी ती लिहिली. निम्म्या वर्गाची तीच. त्या दिवशी तू केसरीचा गोड शिरा करतेस, तो कुणासाठी? हेडमास्तरांसाठी?"

मला हसू आलं. ती हसली नाही. मग म्हणाली, "अक्का, स्टूल द्या." स्वतः चढून तिनं तारा उतरवला आणि नेऊन आपल्या दारावर लावला.

दुसऱ्या दिवशी मायलेकांचं भांडण गल्लीभर ऐकू गेलं. जोसेफ न जेवता परत निघाला. रिक्षात बसणाऱ्या मुलाला ती फाटकातून म्हणाली, "तुझं बरोबर असेल. सण मानू नकोस. पण त्या दिवशी घरी फोन कर." मग आमच्या स्वयंपाकघरात येऊन रडली. "चुकले का हो मी?" पुन्हा पुन्हा विचारत होती.

पुढच्या पावसाळ्यात ती गेली. जोसेफ अजून नाताळ मानत नाही. पण त्या दिवशी सकाळी सारांचा फोन वाजतो. तो शुभेच्छा देत नाही. "अप्पा, जेवलात का?" एवढंच विचारतो, आणि मग बराच वेळ फोन ठेवत नाही.