काळविटांच्या माळाचा नकाशा

कर्जत तालुक्यातील त्या माळावर पुन्हा जायचे मी ठरवले, ते केवळ फोटो काढण्यासाठी नव्हे. आदल्या हिवाळ्यात तेथे मला एक छायाचित्र साधले होते: मान मागे टाकून उभा असलेला काळाभोर नर आणि त्याच्यामागे अकरा माद्या. भिंगारच्या बाजारातील ओळखीच्या फोटोग्राफरने ते मोठे करून दुकानाच्या काचेत लावले. ते पाहून दोन सुशिक्षित गृहस्थ माझ्या घरी आले. हा माळ कोठे, कळप किती वाजता येतो, असे त्यांनी विचारले. मी पडलो शिक्षक. कोणी विचारले की मला राहवत नाही. मी त्यांना बसवून घेतले आणि कागदावर नकाशाच काढून दिला. विहीर, बाभळ, मी उतरलो होतो ते गेनबांचे खोपट, सकाळच्या वाऱ्याची दिशा, सारे त्यात होते. तुमच्याजवळ कॅमेरा आहे का, हे विचारायचे मात्र सुचले नाही. पुढे दिवाळीत तो फोटोग्राफर सहज म्हणाला की, त्यांतल्या एकाची बंदूक फार उत्तम आहे. तेव्हापासून तो कळप आहे की नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मला स्वस्थता नव्हती. पौषात शाळेला सुट्टी मिळताच निघालो.

नगरहून सकाळची सर्व्हिस मोटार मिरजगावमार्गे कर्जतला जाते. भाडे दीड रुपया. लढाई संपली असली तरी पेट्रोलची टंचाई संपलेली नाही, तेव्हा मोटार वेळेवर सुटेल असे गृहीत धरू नये. कॅमेऱ्याची पेटी टपावर टाकू देऊ नये. मांडीवर घ्यावी, नाहीतर खड्ड्यांत फोटोच्या काचेच्या प्लेटा तडकतात. मिरजगावला चहा आणि भजी मिळतात. तेथे शेजारच्या एका म्हाताऱ्याने पेटीत काय आहे म्हणून विचारले. कॅमेरा म्हणताच लग्न कोणाचे, असा त्याचा पुढचा प्रश्न. हरणांचे फोटो काढायला निघालो आहे हे ऐकून तो गंभीरपणे म्हणाला, "त्यांनी सांगावा धाडला व्हय?" सगळी मोटार हसली. मीही हसलो, पण मनापासून नव्हे.

नव्याने हा छंद धरू पाहणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगतो. ताऱ्यांचे छायाचित्र सर्वांत सोपे. कॅमेरा ध्रुवाकडे रोखावा, भिंगाची झडप उघडावी आणि तासभर त्याला हात लावू नये. ताऱ्यांच्या मार्गांच्या कमानी प्लेटवर आपोआप उमटतात. विजेचेही तसेच. वळवाच्या अंधारात झडप उघडी ठेवून वाट पाहायची. वीज स्वतःच आपला प्रकाश घेऊन येते. तारा काय, वीज काय, तुमची दखल कोणीच घेत नाही. हरीण घेते. माझ्या भिंगाला साठ पावलांपलीकडचे हरीण उपयोगाचे नाही, आणि साठ पावलांवर ते उभे राहावे म्हणून मला पाच पहाटा त्याच बाभळीखाली, तेच घोंगडे पांघरून बसावे लागले होते. सहाव्या पहाटे नराने माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा चरायला मान खाली घातली. त्या क्षणाचा आनंद अजून शब्दांत मांडता आलेला नाही.

कर्जतहून पुढे बैलगाडी. करडई फुलली होती, ज्वारी हुरड्यात आली होती. दिवस मावळायच्या आत गेनबांच्या खोपटाशी पोहोचलो. गेनबांची जमीन माळाला लागून आहे. आदल्या वर्षी माझा मुक्काम त्यांच्याकडेच होता. तेव्हा त्यांची बायको, सोनाबाई, मला काळ्या कापडात डोके घातलेले पाहून विचारायची की, मास्तर, आत कोणता देव बसवलाय? यंदा तिने मुकाट्याने पाणी दिले आणि हुलग्याच्या शेंगोळ्यांची ताटली पुढे ठेवली. मग चुलीकडे वळून म्हणाली, "औंदा हरभऱ्याची राखन करावी लागली न्हाई, मास्तर."

मला कळायचे ते कळले. तरी मी विचारले.

गेनबांनी सावकाश सांगितले. "उन्हाळ्याच्या तोंडाला आलं तुमचं पावनं. कागद दावला. मला वाचता येत न्हाई, पर हीर वळखली, बाभळ वळखली. माजं खोपाट बी काढल्यालं हुतं. म्हनलं, मास्तरांनी धाडलंय. गूळपानी दिलं. बाभळीपातुर मीच घेऊन गेलो."

नर पडला, चार माद्या पडल्या, उरलेल्या पांगल्या. एवढे सांगून त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"तुमाला म्हाईत न्हवतं न्हवं?"

नव्हते, असे मी म्हणालो; पण मी विचारायला हवे होते.

"तसं मी बी इचारलं न्हाई," गेनबा म्हणाले आणि घास घेतला.

पहाटे आम्ही दोघेही बाभळीखाली जाऊन बसलो. ऊन वर आल्यावर माळाच्या पार टोकाला दोन माद्या दिसल्या. एवढ्या अंतरावरून त्या प्लेटवर ज्वारीच्या दाण्याएवढ्याही उमटल्या नसत्या. तरी सवयीने मी तिपाईचे पाय उघडले. त्या उधळल्या आणि क्षणात दिसेनाशा झाल्या.

"त्यांला वाटलं, बंदूक हाय," गेनबा म्हणाले.

मी तिपाई मिटली. बरोबर नेलेल्या सहाही प्लेटा कोऱ्या परत आणल्या. निघताना सोनाबाईने हुरड्याची पुरचुंडी दिली. पुढच्या वर्षी या, असे मात्र ती म्हणाली नाही.

नगरला परतल्यावर भिंगारला जाऊन दुकानातला तो फोटो काढून घेतला. तो आता माझ्या कपाटात, भिंतीकडे तोंड करून आहे. परवा एक तरुण कारकून घरी आला. त्याने तो फोटो पूर्वी काचेत पाहिला होता. गळ्यात स्वतःचा लहानसा कॅमेरा, हातात वही. मी त्याला तासभर समजावून सांगितले: भिंगाचे छिद्र किती ठेवावे, सकाळच्या उन्हात झडप सेकंदाच्या कितव्या भागात मिटावी, वारा आपल्याकडून जनावराकडे वाहत असताना पुढे का जाऊ नये. तो भराभर लिहून घेत होता. शेवटी त्याने गावाचे नाव विचारले आणि पेन्सिल वहीवर टेकवून थांबला.

आता आठवत नाही, असे मी म्हणालो.

त्याने वही मिटली, वाकून नमस्कार केला आणि गेला. बहुधा तो खरोखरच फोटो काढणार होता.