आमच्या तुरीले पहिला नंबर

चहा घ्या, आन हसायचं असन तर आत्ताच हसून घ्या बाप्पा! माह्या हातून असा घोटाळा झाला, का पुढं तुमाले हसणं जमते का नाही, सांगता येत नाही.

अकोल्याले शेतकी शिकत होतो. हॉस्टेलमागचं पडीत विद्यापीठानं आमा पोरापोरींले देऊन टाकलं. म्हणे, विद्यार्थ्यांचं शेत करा! गोटे वेचले, बाभळी तोडल्या, हाताले फोड आले. मंग जोड्या पाडल्या. माह्या जोडीले अंजनगावची शबाना, आन आमच्या वाट्याले बियाण्याच्या तुरीचा प्लॉट.

बियाण्याच्या प्लॉटचा कायदा एकच. फुलोऱ्यात वेगळं झाड दिसलं का भेसळ समजून उपटायचं, मुळासकट! सरांनी हे डोक्यात असं बसवलं, का मी मेसच्या वरणातही भेसळ शोधू लागलो.

ऐन फुलोऱ्यात शबानाच्या अम्मीचं डोळ्याचं ऑपरेशन निघालं. जाता जाता, सगळ्या पोराइच्या देखत, हळूच म्हणे, "गजू, बांधाकडच्या झाडाईकडं लक्ष ठेवजो बरं."

"तू काई काळजी करू नको!"

आता तुमीच सांगा, मी काय समजू? बांधाकडं जाऊन पाहतो, तर साऱ्या प्लॉटले पिवळी फुलं आन तिथं लालसर फुलांची उंच झाडं! म्हटलं, वा रे पोरी, भेसळ बरोबर हेरली! एकूण एक झाड उपटलं. वाया काहून जाऊ द्यावं, म्हणून कॉलेजच्या गोठ्यातल्या म्हशीले नेऊन टाकलं. वरून साफ बांधाचा फोटो काढून शबानाले धाडला. खाली लिहिलं, "खुश?"

उत्तर नाही. म्हटलं, खुशीनं बोलती बंद झाली असन!

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ती हजर.

"गजू, झाडं कुठी हायत?"

"म्हशीनं खाल्ली. काहून?"

ती बांधावर मटकन बसली. "अब्बाची तूर होती ते."

तिचे अब्बा उन्हाळ्यात गेले, हे मले माहीत होतं. वावर चुलत्याकडं गेलं, तेही माहीत होतं. पण डब्यात त्याइच्या घरच्या तुरीचं मूठभर बी उरलं होतं, आन तिनं ते सारंच्या सारं इथं लावलं होतं. सरांले समजलं असतं तर काढायले लावलं असतं, म्हणून बिचारी कोणाले बोललीच नव्हती.

मी गोठ्याकडं पळालो. गव्हाण उपसली, शेणात हात घातला. अरे, झाड फुलावर होतं, शेंगा कुठून सापडतीन? शेतकी शिकणारा मी, तरी उपसूनच राहिलो! म्हैस आपली रवंथ करत माह्याकडं पाहून राहिली.

शबाना मागं येऊन उभी राहिली. "राहू दे गजू. अब्बाले म्हशीचा लय लळा होता," म्हणे, आन रडू लागली. मलेही रडू आवरलं नाही.

पुढं साऱ्या प्लॉटाइची तपासणी झाली. पहिला नंबर कोणाचा? आमचा! स्टेजवर दोघाइले बोलावलं. शबाना उठलीच नाही, मी एकटाच गेलो. सरांनी माईक हातात दिला. "सांग बाबा या पोरांना, एवढा शुद्ध प्लॉट कसा ठेवलास?"

पुढच्याच रांगेत शबाना. कसंबसं बोललो, "काई नाही सर. कोणाले न विचारता उपटत गेलो."

सारा हॉल खो-खो हसला. शबाना तेवढी खाली पाहत होती.

तवापासून कॉलेजात माहं नाव झालं: गजू लय विनोदी बोलते!