नऊ बेटांच्या बाई

आमच्या भूगोलाच्या बाईंपुढे ‘बिचारा’ म्हणायची सोय नव्हती. पूर आला, धान गेलं आणि कुणी ‘बिचारे लोक’ म्हणालं, की बाई खडू खाली ठेवत. “बिचारे कायचे? घर सोडून पळाले का ते?”

बाई नागभीडच्या. वैनगंगेच्या काठावरच्या आमच्या शाळेत बदलून आल्या आणि सातवीला पुस्तकात नसलेला एक देश शिकवू लागल्या. तुवालू. भर समुद्रात नऊ बेटं, जमीन पाण्याहून जेमतेम वर. जग तापतंय, समुद्र चढतोय, तिथल्या विहिरींत खारं पाणी शिरतंय, असं सांगून म्हणाल्या, “हे बेटं बुडतीन म्हणते दुनिया.”

मी हात वर केला. “बाई, बेट कसं बुडन? त्याच्या मुळ्या तं माती धरून ठेवतेत!”

आमच्याकडे बेट म्हणजे बांबूचं. समुद्र कुणी पाहिला होता? वर्ग हसला नाही, कारण वर्गालाही तसंच वाटत होतं. हसल्या त्या बाई, पार पोट धरून. मग एकदम खिडकीपाशी गेल्या आणि नदीकडे बघत राहिल्या. दर पुरात ढासळत काठ शाळेच्या कुंपणाशी आला होता.

त्या पावसाळ्यात बाईंनी आमच्याकडून काठावर बांबूची नऊ बेटं लावून घेतली. प्रत्येकाला तुवालूतल्या एकेका बेटाचं नाव. तपासणीचे साहेब चिडले, “हे अभ्यासक्रमात आहे का?”

“नाई साहेब. पूर तरी कुठी अभ्यासक्रम पाहून येते?”

शाळेशेजारच्या सगुणाबाई कधी शाळेची पायरी चढल्या नव्हत्या. त्या नावांना खूप हसल्या आणि महिनाभरात स्वतःच ओरडू लागल्या, “वायतुपूपाशी म्हैस बांधली वो, पाहून जा!”

पुढच्याच पुरात नुई नावाचं बेट वाहून गेलं. मला रडू फुटलं, तर बाईंनी हातात कुदळ दिली. “रडाले वेळ नाई. त्याच जागी, त्याच नावानं.” तेव्हा बाईंचा फार राग आला होता. पुढे आयुष्यात जिथे जिथे कोसळले, तिथे तीच कुदळ कामी आली.

निवृत्तीनंतर बाई वरोऱ्याला लेकीकडे राहिल्या. फोनवर तब्येत विचारली की म्हणायच्या, “माह्यं सोड. नऊ हायेत ना?” शेवटच्या फोनवरही तेवढंच. गेल्या उन्हाळ्यात बाई गेल्या. मला ते अजून पटत नाही.

त्यानंतरच्या पुरानं दोन बेटं नेली. शाळा मात्र उभी राहिली. तलाठी पंचनाम्याला आले आणि काठ बघून हळहळले, “बिचाऱ्या बाईंची मेहनत गेली.”

गुडघाभर चिखलात सगुणाबाई बांबूचा कंद रोवत होत्या, पलीकडे कुदळ घेऊन मी. त्यांनी मानही वर केली नाही.

“बिचाऱ्या कायच्या? हे नुई लावून राह्यलो, ते पोरगी लावून राह्यली. नऊ होते भाऊ, नऊच लिवा.”